हात कट्टु

चेन्नईत वेस्ट मांबलममध्ये एकोजींचं कार ऑडिओचं दुकान आहे. त्या दुपारी तिथे उभी असलेली जुनी सेडान त्यांच्या थोरल्या भावाची होती. तो वारल्यावर वहिनी राजसबाईंनी ती जावयाला, सिद्धार्थला, देऊन टाकली. मुलगा रणवीर गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात कामाला. त्याला कुणी विचारलं नाही. त्याने काकांना फोन करून एवढंच बजावलं होतं, की गाडी भाओजींनी खुशाल चालवावी, पण अप्पांच्या गाडीला भोक पाडायचं नाही.

सिद्धार्थला मोठा सबवूफर हवा होता. प्लायवूडची पेटी डिकीच्या मापाने तयार होती, पण आवाज आत पोचायला मागच्या सीटमागचा पत्रा गोल कापावा लागणार होता. एकोजींनी खडूने वर्तुळ आखलं. सिद्धार्थ कटर घेऊन पेटीवर चढवायचं कार्पेट कापत बसला. तो पुण्याचा. काकांची तंजावरी मराठी त्याला अर्धीमुर्धी समजे, मधले तमिळ शब्द अजिबात नाही. म्हणून एकोजी त्याच्यापुरतं सोपं करत. इथे कट, म्हणत. अजून थोडं कट.

पत्रा कापणार हे राजसबाईंकडून कळलं तसा रणवीर पाळी सोडून आला. दुकानात शिरताना त्याने चाकाचा पाना उचलला.

"गाणी ऐकायचीत, भाओजी? कल्याणमंडपात, लग्नाच्या बँडपुढे जाऊन बसा," तो म्हणाला.

पहिला घाव पेटीवर बसला. प्लायवूड फुटलं. दुसऱ्याने सबवूफरचा पडदा फाटला. गाडीला त्याने धक्काही लागू दिला नाही. सिद्धार्थ उठला तेव्हा तिसरा घाव त्याच्या डाव्या खांद्यावर आला आणि हाड मोडल्याचा आवाज एकोजींनाही ऐकू गेला. पुढचा कानावर. सिद्धार्थ गाडीला टेकून खाली सरकला, कटर उजव्या हातात तसाच होता.

एकोजींनी पुतण्याला मागून मिठी मारली. पाना खाली पडला. रणवीरने डोकं मागे आपटून काकांचा ओठ फोडला, तरी त्यांनी सोडलं नाही. बॅटरीच्या जाड वायरचं भेंडोळं सिद्धार्थच्या पायाशीच होतं. रणवीरचे दोन्ही हात पुढे धरून एकोजी ओरडले, "हात कट्टु! सिद्धार्थ, हात कट्टु!"

तमिळमध्ये कट्टु म्हणजे बांध. घाईत त्यांच्या तोंडून घरचा शब्द गेला.

सिद्धार्थच्या डोळ्यांत रक्त उतरलं होतं. दुपारभर ऐकलेला शब्दच त्याला ऐकू आला. त्याने कटर रणवीरच्या डाव्या मनगटावर ओढला. एकदा, मग जोर लावून पुन्हा. रक्त सीटवर, पत्र्यावर, खडूच्या वर्तुळावर उडालं.

पोलिसांना एकोजींनी तमिळमध्ये सगळं सांगितलं. बांध म्हटल्यावर कुणी कापेल कसं, हे हवालदाराला शेवटपर्यंत उमगलं नाही. सिद्धार्थ एकच वाक्य बोलत राहिला, की काकांनीच सांगितलं.

शिरा जोडल्या, पण डाव्या हाताची मूठ वळणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. रणवीर शुद्धीवर आला तेव्हा एकोजी खाटेजवळ होते.

"पत्रा?" त्याने विचारलं.

"नाही कापला. गाडी तुझीच. वहिनीशी बोललोय."

रणवीर बँडेजकडे बघत राहिला. गिअर त्याच हाताने टाकायचा.

"चालवणार कोण, काका?"