जुळ्यांच्या हातातली पराणी

मी एक जुनी पराणी आहे. बैल हाकायची बांबूची काठी, टोकाला लोखंडी आर. मित्रांनो, मला गोड बोलता येत नाही. मला टोचण्यासाठीच घडवलं होतं.

पण केनवडच्या दौलतरावांकडे मी बैलांपेक्षा पोरालाच जास्त लागले. दौलतरावांचे वडील भयंकर तापट. भांडणात त्यांनी एका माणसाचा जीव घेतला होता. तेच रक्त आपल्या पोरात, इंद्रभानमध्ये उतरलंय, असं दौलतरावांच्या डोक्यात बसलं. माझ्या आरेने पोराची पाठ फुटली की म्हणायचे, "निंगू दे, खराब रगत हाय थे." पोर कळवळायचं. माझाही जीव तुटायचा, पण काठीचं कोण ऐकतं?

इंद्रभानला जुळा भाऊ होता, उदेभान. आईचं दूध दोघांना पुरेना, म्हणून इंझोरीच्या गोजरामावशीने त्याला तान्हेपणीच नेलं.

मोठेपणी इंद्रभानने रागाच्या भरात माझ्याच आरेने बैलाचा डोळा फोडला. मग रडत बायकोला, रंगूबाईला म्हणाला, "आपल्या लेकरातही हेच रगत येईन." तिला सातवा महिना होता.

छप्पन सालच्या उन्हाळ्यात नागपूरचे एक डॉक्टर जुळ्यांचा अभ्यास करायला आले. स्वभावात जन्माचं किती आणि घराचं किती, हे त्यांना पाहायचं होतं. त्यांनी उदेभानला बोलावून घेतलं आणि मोजमापासाठी दोघांचे सदरे उतरवले. उंची तीच, भोवरा तोच, दोघेही डावखुरे.

"मंग राग बी तोच असन," दौलतराव खुशीत म्हणाले.

उदेभानचं लक्ष भावाच्या पाठीवर गेलं. "हे कोनं केलं?"

"म्या. खराब रगत काढलं," म्हणत दौलतरावांनी मला उचलून दाखवलं.

उदेभानने मला हिसकावून घेतलं. डाव्या हाताची तीच पकड, कपाळावर तीच फुगलेली शीर! त्याने आर बापाच्या डोळ्यावर रोखली.

"टोच त्याले!" इंद्रभान किंचाळला.

उदेभानने आर खाली घेतली. मग त्याने मला गुडघ्यावर आपटून कडकन मोडलं.

"राग मले बी तुह्याएवढाच येते," तो भावाला म्हणाला. "पन मावशीनं कधी हात नाही उचलला. राग आला का म्हने, जाय, लाकडं फोड."

माझ्या खालच्या तुकड्यावर रंगूबाईच्या लेकराच्या पहिल्या अंघोळीचं पाणी तापलं. आरेचा तुकडा, म्हणजे मी, आढ्यात खोचलेली आहे. इंद्रभानला अजूनही राग येतो. तेव्हा परसातून कुऱ्हाडीचा आवाज ऐकू येतो आणि लेकरू निवांत झोपलेलं असतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू नीट सांभाळाव्यात, असं तुम्हाला सगळे सांगतात. पोराच्या पाठीला लागलेली काठी दिसली, तर तिला सांभाळू नका. मोडा.