लॉटीचा गुरुवारचा अंगठा

बोलिंगचा बॉल हातातून सुटायला हवा होता, तो सुटलाच नाही. अंगठा भोकात घट्ट अडकला आणि त्या सहा किलोच्या धोंड्याने बासष्ट वर्षांच्या लॉटी गोर्स्कीला ओढत नेऊन सगळ्या मिलवॉकीदेखत लेनवर बसवलं. मग बॉल सुटला आणि निवांत लेनच्या कडेच्या गटरात गेला. समोरचे दहाच्या दहा पिन जागचे हलले नाहीत.

"लागलं का गं?" जेनियाने विचारलं. जेनिया म्हणजे लॉटीची नणंद आणि संघाची कप्तान. लॉटीने मान हलवली तसा तिचा आवाज बदलला. "मग ऐक. सलग तिसरा गुरुवार आहे हा. पुढच्या गुरुवारी बॉल नीट गेला तर ठीक, नाहीतर पुढच्या हंगामाला तुझ्या जागी दातांच्या डॉक्टरची बायको. ती कधीची मागे लागलीय."

"ती? ती बॉल टाकते की पोरगं झोपवते?"

"पण पडत नाही ना!"

सत्तावीस वर्षं लॉटी या संघात होती. पाठीवर अंत्यविधीच्या दुकानाचं नाव छापलेला तो जांभळा शर्ट (दुकानदाराने फुकट दिलेला, फुकटचं कोण सोडतं!) ती दर बुधवारी इस्त्री करून ठेवायची. नवरा गेल्याला तीन वर्षं झाली होती. गुरुवारी खेळ संपला की चौघीजणी एकत्र जेवायच्या; उरलेले सहा दिवस लॉटी एकटी जेवायची. आता सातवा दिवसही एकटीने काढायचा?

शनिवारी ती बॉल घेऊन क्लेमच्या दुकानात गेली. क्लेम दुडा हा चर्चच्या शाळेत तिच्याच वर्गात होता. बोलिंगच्या हॉलला लागूनच त्याचं खोलीएवढं दुकान, आणि चाळीस वर्षं तो बॉलला भोकं पाडत आलेला. भिंतीवर ही मोठी पाटी: 'इथे टेप लावून मिळणार नाही. भोक नीट पाडून मिळेल.' भोक सैल झालं की आतून टेपचा तुकडा चिकटवणाऱ्या लोकांचा त्याला भारी राग. ठिगळ लावायचं तर शिंप्याकडे जा, म्हणायचा.

"घाल अंगठा," क्लेम म्हणाला. लॉटीने घातला, काढला. टप्प असा हलका आवाज आला. "बघ! याहून चांगलं बसवून दाखव कुणाकडून. भोकात दोष नाही. तुझंच काहीतरी बिघडलंय."

"माझं? हा अंगठा बाप्तिस्म्यापासून माझ्याच हाताला आहे!"

"मग त्यालाच विचार!"

आता अशा माणसापुढे डोकं फोडून काय उपयोग? लॉटी बॉल उचलून तणतणत घरी गेली.

गुरुवार उजाडला. ईस्टरच्या आधीचे उपवास चालू होते. शुक्रवारी कुणी मटणाला हात लावत नाही, म्हणून बायका गुरुवारी सकाळपासून चर्चच्या तळघरात विक्रीसाठी पिएरोगी करत. पिएरोगी म्हणजे आपली करंजीच, फक्त आत बटाटा आणि चीज, आणि तळायच्या ऐवजी उकडलेली. अकराच्या सुमाराला क्लेम आपल्या दोन डझन घ्यायला आला आणि टेबलाशी येऊन थबकला. लॉटी अंगठ्याने पिएरोगीच्या कडा दाबत होती. भरभर, एकामागून एक. सकाळपासून चारशे झाल्या होत्या आणि अंगठा सुजून गाजरासारखा लालबुंद झाला होता.

"थांब! हात पुढे कर."

क्लेमने खिशातून मापामापाची भोकं असलेली पितळी पट्टी काढली. बाकीची माणसं रुमाल घेऊन फिरतात, हा पट्टी घेऊन फिरायचा. शनिवारच्या मापाच्या भोकात अंगठा शिरेना. त्याच्या पुढच्यातही शिरेना. तिसऱ्यात कसाबसा गेला.

"हे दर गुरुवारी करतेस?"

"उपवास लागल्यापासून. यंदा कडा दाबायचं काम माझ्याकडे आलंय. का?"

क्लेम मटकन पिठाच्या पोत्यावर बसला. "अगं बाई, आणि माप द्यायला येतेस शनिवारी! अंगठ्याला दोन दिवस आराम देऊन!"

"मग तू विचारायचं नाहीस?"

"काय विचारू? पिएरोगी करतेस का म्हणून?"

सगळ्या बायका हसत सुटल्या. क्लेम मात्र तिच्या गाडीतून बॉल काढून थेट दुकानात गेला. पिएरोगी तिथेच राहिल्या. भोक आजच्या आज मोठं करतो, सातच्या आत बॉल लेनवर हजर, असं तो जाता जाता ओरडला.

तेवढ्यात तिथे आलेल्या जेनियाला हे सगळं ऐकून मात्र भरून आलं. "अगं, मी तुला काय काय बोलले! आणि तू इथे चर्चसाठी अंगठा झिजवत होतीस! ऊठ. आज एक पिएरोगी करायची नाही." तिने लॉटीला खुर्चीत बसवलं आणि तिच्या पुढ्यात बर्फाच्या पाण्याचं भांडं ठेवलं. "बुडव अंगठा. दुपारभर." लॉटीने बुडवला. सत्तावीस वर्षांत नणंदेने पहिल्यांदाच तिची अशी सेवा केली होती. नाही कशाला म्हणेल ती?

संध्याकाळी सातला दहा मिनिटं असताना लॉटीने सरावाचा पहिला बॉल उचलला, हात मागे नेला, आणि बॉल मागच्या मागे धाडकन पडला. बाकावरच्या दोघीजणी पाय वर घेऊन ओरडल्या.

क्लेम धावत आला. त्याने लॉटीचा अंगठा हातात धरला. अंगठा पुन्हा शनिवारसारखा बारीक, वर गारठलेला. "याला काय केलंस?"

"बर्फात ठेवला. जेनियाने सांगितलं."

"जेनिया!"

"मला काय माहीत!" जेनिया रडकुंडीला आली. "मी चांगलंच करायला गेले!"

मोठं केलेलं भोक दहा मिनिटांत लहान होत नाही. तिघांनाही ते ठाऊक होतं. लॉटी बाकावर बसली. शर्टाची बटणं चाचपत हळूच म्हणाली, "जाऊ दे क्लेम. जेनिया, बोलाव त्या डॉक्टरच्या बायकोला."

क्लेमने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा दुकानाच्या उघड्या दारातून दिसणाऱ्या आपल्या पाटीकडे. मग तो दुकानात गेला, खालचा खण उघडला आणि टेपचं भेंडोळं घेऊन आला. सगळ्या हॉलसमोर गुडघे टेकून त्याने बॉल मांडीवर घेतला आणि अंगठ्याच्या भोकात एक तुकडा चिकटवला. मग दुसरा.

"घाल." सैल. तिसरा लावला. "आता घाल."

टप्प.

लॉटी उठली. चार पावलं, हात मागे, हात पुढे, आणि अंगठा लोण्यातून केस काढावा तसा बाहेर आला. बॉल गुळगुळीत घरंगळत गेला आणि आठ पिन आडवे झाले. दोन उरले, उरू देत! हा तर नुसता सराव होता. त्यानंतर रात्रीच्या तिन्ही डावांत बॉल एकदाही अडकला नाही की निसटला नाही.

खेळ संपल्यावर चौघी जेवायला बसल्या तेव्हा जेनियाने पुढच्या हंगामाचा कागद काढला, पहिलं नाव लॉटीचं लिहिलं आणि माशाची मोठी तुकडी तिच्या ताटात वाढली. लॉटीने डोळे पुसले आणि क्लेमलाही हाक मारून खुर्ची दिली.

तो बसला, तेव्हा त्याच्या शर्टाच्या खिशातून ते टेपचं भेंडोळं घरंगळून टेबलावर आलं. लॉटीने उचलून बघितलं.

"क्लेम, तीन तुकडे लावलेस ना रे मला? मग हे अर्धं कसं संपलं?"

क्लेम मान खाली घालून मासा खात राहिला.