जाळीचं दार

माझे सासरे कोंबड्यांच्या जाळीचं दार लावून झालं की मोठ्याने म्हणायचे, "लागलं." ऐकायला कोणी असो वा नसो. रेल्वेच्या फाटकावर त्यांची सगळी नोकरी गेली. तिथे फाटक लावलं की आधी तोंडाने बोलायचं, मगच सिग्नल द्यायचा, असा त्यांचा शिरस्ता होता. लग्न होऊन आले तेव्हा मला हसू यायचं. पाच कोंबड्यांसाठी कसला आलाय सिग्नल. पण पुढे खिडकीशी शिवणाच्या मशीनवर बसलेली असताना तो शब्द कानावर पडला की मला बरं वाटायला लागलं. मला बरं वाटणं ही आमच्या घरात दुर्मीळ गोष्ट आहे. नवरा म्हणतो, हिला काळजी करायला काही मिळालं नाही तर त्याचीच हिला काळजी लागते.

कोंबड्या बाबांच्या हौसेच्या, निस्तरायचं मात्र त्यांनी आणि मी. खुराड्यातला भुसा बदला. पाण्याचं भांडं घासा, कारण या बायांना प्यायच्या पाण्यात पाय घालून उभं राहायचं असतं. जाळी उचकटली तर तारेने टाचा. जरा वास सुटला की शेजारचा रंगारी कुंपणावरून नाक मुरडायला हजर. पाच जणींत एक काबरी होती, तिला आम्ही मास्तरीण म्हणायचो. ती बाकीच्या चौघींना टोचून टोचून ओळीत लावायची आणि स्वतः मात्र सगळीकडे चोच खुपसायची.

जाळीचं दार पहिल्यांदा उघडं सापडलं तेव्हा पाचही जणी रंगाऱ्याच्या रोपांत होत्या. त्याने आमचा उद्धार केला. बाबा म्हणाले, "मी लावलं होतं." मी म्हटलं, "राहिलं असेल, होतं कधी कधी." वास्तविक "लागलं" मी कानांनी ऐकलं होतं. पण सवयीने माणूस काहीही बोलतो, असं मनात आलं.

दुसऱ्यांदा उघडं राहिलं तेव्हा रस्त्यावरचा कुत्रा आत शिरला आणि पाचांतल्या लंगड्या कोंबडीला घेऊन गेला. बाबांनी तिची पिसं एक एक करून गोळा केली. त्या दिवसापासून त्यांचं "लागलं" बंद झालं. दार लावून ते खिडकीकडे बघायचे आणि विचारायचे, "सूनबाई, लागलं का गं? जरा बघतेस?" मग गॅस बंद आहे का ते विचारायला लागले. मग नळ. मग एकदा जेवणानंतर हात धुऊन आले आणि विचारलं, "मी गोळी घेतली का?" गोळी माझ्यासमोर घेतली होती.

त्यातच मला शिवणाच्या कारखान्यात काम लागलं, सोमवारपासून जायचं होतं. म्हणजे दिवसभर बाबा घरात एकटे. नवरा आणि मोठे भावजी फोनवर हळू आवाजात बोलायला लागले. शेवटी बाबांनीच तो विषय संपवला. "मी मोठ्याकडे जातो," ते म्हणाले. "तिथे दारं तेच लावतील. माझा मलाच भरवसा नाही." भावजींचं घर चौथ्या मजल्यावर, खाली नुसत्या गाड्या. भावजी रविवारी न्यायला येणार असं ठरलं. उरलेल्या कोंबड्या न्यायला रंगारी तयार होता. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

त्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी बाबांनी दार लावलं आणि मला बघायला सांगितलं. मी जाऊन पाहिलं. दाराचा आकडा कोयंड्यात नीट बसला होता, मी बोटाने दाबूनही पाहिला. परत येऊन मशीनवर बसले. दाताने दोरा तोडताना सहज खिडकीबाहेर लक्ष गेलं. मास्तरीण दाराशी उभी होती. दाराच्या लाकडी चौकटीवर, बरोबर आकड्याखाली, मुंग्यांची रांग लागली होती आणि ती जाळीतून चोच बाहेर काढून त्या टिपत होती. प्रत्येक टोचीला आकडा उडत होता. उडता उडता तो कोयंड्यातून बाहेर आला आणि दार आपोआप उघडलं.

मी धावत सुटले. चौघींना आत हाकललं, दार लावलं. आणि मग काळजी करणारी बाई जे करते तेच मी केलं. रॉकेलचा बोळा घेऊन चौकट खसाखसा पुसली, वरून कढत पाणी ओतलं. एक मुंगी म्हणून ठेवली नाही. त्यानंतर मोठ्या आनंदाने बाबांना सांगायला गेले.

"कोंबडीने काढला?" ते म्हणाले.

"हो बाबा. माझ्या डोळ्यांनी बघितलं. मुंग्या खात होती."

ते काठी घेऊन बाहेर आले, वाकले, चौकट पाहिली. मग माझ्याकडे बघितलं. "इथे मुंग्या नाहीत, बाळा."

बाळा मला ते कधी म्हणत नाहीत. समोरचा आपलं मन राखायला खोटं बोलतोय आणि आपण त्याला दुखवायचं नाही, असा तो सूर होता.

शनिवारी मी त्यांना हाताला धरून जाळीपाशी नेलं. बादल्या पालथ्या घालून आम्ही दोघं बसलो. मास्तरीण आमच्याकडे पाठ करून धुळीत लोळत होती. एरवी सगळीकडे नाक खुपसणारी, आज दाराकडे ढुंकून बघेना. ऊन पायांवर आलं. बाबा म्हणाले, "पुरे," आणि काठी घ्यायला वळले.

दुसऱ्या दिवशी भावजी येणार होते. माझा धीर सुटला. मी पटकन हात पुढे करून आकडा वर उचलला आणि म्हटलं, "बाबा, बघा, बघा, निघाला."

त्यांनी दाराकडे पाहिलं नाही. माझ्या हाताकडे पाहिलं. "बोटाला गंज लागलाय," ते म्हणाले. "धुऊन ये."

मला रडू फुटलं. जाळीला धरून मी लहान मुलीसारखी रडले. "आत्ताचं खोटं होतं," मी म्हटलं, "पण कालचं खरं होतं. तुमची शपथ. तुम्ही दार लावलं होतं, बाबा. दर वेळी लावलं होतं. मीच विश्वास ठेवला नाही."

त्यांनी काठीवर हनुवटी टेकली. मला वाटलं, झालं, आता हे माझं काहीच मानणार नाहीत. मग त्यांनी विचारलं, "काल मुंग्या होत्या म्हणालीस?"

"होत्या."

"आणि तू त्या पुसल्यास."

"हो. रॉकेलने."

"मग ती आज कशाला येईल? रॉकेल प्यायला?" ते उठले. "चिमूटभर साखर आण. उद्या सकाळी बसू. आणि हात मांडीवर ठेवायचे."

साखर त्यांनी स्वतः चौकटीच्या वरच्या अंगाला लावली, जिथे रॉकेल लागलं नव्हतं.

रविवारी भावजी लवकरच आले. बाबांची पिशवी उंबऱ्याशी भरून ठेवली होती. नवरा कामावर गेला होता. जाताना मला म्हणाला, आता उगीच रडारड करू नकोस. भावजींनी विचारलं, "निघायचं ना, बाबा?" बाबा म्हणाले, "बस जरा." भावजींना स्टूल दिलं. दोन बादल्या आणि एका स्टुलावर आम्ही तिघं कोंबडीसमोर बसलो. कुंपणापलीकडून रंगारी बघत होता. त्याला काय वाटलं असेल ते वाटो. माझा जीव टांगणीला लागला होता, आणि हात मांडीवर होते.

मुंग्या आल्या होत्या. जरा वाकडी वाट धरून, पण आल्या होत्या. मास्तरीण डुलत डुलत आली, मान वाकडी करून तिने चौकट न्याहाळली आणि चोच बाहेर काढली. टक. आकडा उडाला आणि परत कोयंड्यात बसला. टक, टक. या वेळी तो अगदी काठापर्यंत आला. मी श्वास घेतला नाही. आकडा पुन्हा खाली बसला. तेवढ्यात मास्तरणीला पलीकडे काहीतरी दिसलं आणि ती निघून गेली. परत आली नाही.

"नाही निघाला," भावजी म्हणाले. त्यांनी घड्याळ बघितलं. ते वाईट नाहीत, पण त्यांना जायचं होतं.

"उडाला," बाबा म्हणाले.

"पण निघाला नाही ना, बाबा."

"एखाद्या दिवशी निघतो." ते सावकाश उठले आणि दाराशी गेले. खिशातून तारेचा तुकडा काढला. केव्हापासून खिशात ठेवला होता कोण जाणे. आकडा बसवला, त्याच्यावर तार गुंडाळायला लागले. आमच्याकडे त्यांची पाठ होती. बोटं काय करतायत ते दिसत नव्हतं. फक्त खांदे हलताना दिसत होते. किती वेळ लावला.

मग ते म्हणाले, "लागलं."

आवाज बारीकच होता. पहिल्यासारखा नव्हता. भावजींना म्हणाले, "पिशवी आत ठेव."

आणि वळून माझ्याकडे बघत उभे राहिले. काही विचारलं नाही, नुसते बघत राहिले. तार दोनदा पिळली की एकदा, टोक आत वळवलं की नाही, आकडा पूर्ण खाली गेला का, सगळं माझ्या डोक्यात घोंघावत होतं. उद्या मी घरात नसणार. चार पावलांवर दार होतं. एकदा बोटाने दाबून बघितलं असतं तर माझी रात्र सुखाची गेली असती.

"चहा टाकते," मी म्हटलं.

स्वयंपाकघरात आले, ओट्याला घट्ट धरून उभी राहिले, आणि बघायला गेले नाही.