नो ओपिनियन

सुलभा घारपुरे मंगळवारी संध्याकाळी सहाच्या बातम्यांत दिसली आणि तेव्हापासून तिच्या नवऱ्याच्या, दिगंबरच्या, घशाखाली घास उतरेना. ती नुसती दिसली असती तर एक वेळ चाललं असतं, पण ती बोलली होती.

झालं असं, की त्यांच्या आठ वर्षांच्या लेकीला, शैलाला, स्नोबूट घ्यायला म्हणून ती मॉलमध्ये गेली होती. दारातच टीव्हीवाली बाई कॅमेरा घेऊन उभी. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक, आणि एकाच पक्षाचे पाच-सहा उमेदवार, खुद्द उपाध्यक्ष धरून, आतापासूनच एकमेकांच्या उरावर बसलेले. त्यात सत्त्याऐंशीचा तो सगळा उन्हाळा चौकशीचं गुऱ्हाळ चाललेलं. अध्यक्षांच्या माणसांनी चोरून शत्रूला शस्त्रं विकली, अध्यक्ष म्हणतात मला पत्ताच नव्हता, मग त्यांच्यावर महाभियोग चालवायचा की नाही? जो तो ह्यावर तावातावाने बोलत होता. त्या बाईने मायक्रोफोन पुढे केला. शहाण्या माणसाने मान हलवून सरळ पुढे जावं की नाही? पण आमची सुलभा थांबली.

उमेदवारांबद्दल ती म्हणाली, एका घरातल्या जावा अशाच भांडतात आणि पाहुणे आले की मुकाट्याने एकत्र पोळ्या लाटतात. आणि अध्यक्षांबद्दल म्हणाली, "त्यांना माहीत होतं तर ते खोटं बोलले. माहीत नव्हतं, तर त्या खुर्चीत बसून करतात काय? कसंही बघा, घरीच पाठवायला हवं." हे सगळं स्वच्छ इंग्रजीत, कपाळावरच्या ठसठशीत कुंकवासकट. आणि खाली पडद्यावर अक्षरं आली, सुलभा घारपुरे, मतदार, ट्रॉय.

त्या 'मतदार'पाशी दिगंबरच्या हातातला चमचा खाली पडला. कारण दोघंही मतदार नव्हते. नऊ वर्षं मिशिगनमध्ये काढली होती, पण ग्रीन कार्डावर. नागरिकत्वाची मुलाखत होती पुढच्या आठवड्यात.

"तू त्यांना सांगितलंस मतदार म्हणून?" त्याने विचारलं.

"मला कोणी विचारलंच नाही. फक्त नाव विचारलं आणि गाव."

"आणि तू सांगितलंस."

"मग काय लपवायचं होतं? नावच होतं ना माझं?"

आता दिगंबर मुळात काही भित्रा माणूस नव्हे. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर होता, बर्फात गाडी घसरली तरी शांत राहणारा. पण आणीबाणीत तो नागपूरला सरकारी कचेरीत होता. शेजारच्या टेबलावरचा विवेक डबा खाता खाता सरकारबद्दल एक वाक्य बोलला. फार नाही, एकच. दुपारी दोन माणसं आली आणि त्याला घेऊन गेली. अर्धा खाल्लेला डबा टेबलावर तसाच राहिला, आणि वास सुटला तरी तो उचलायची कोणाची छाती होईना. तेव्हापासून दिगंबरने कानाला खडा लावला होता. कुठल्याही देशात, कुठल्याही सरकारबद्दल, चार माणसांत बोलायचं म्हणून नाही.

सुलभाचं त्याच्या अगदी उलट. तिचे वडील हेमचंद्रमास्तर सभेत बोलले म्हणून त्याच आणीबाणीत नागपूरच्या तुरुंगात गेले आणि बाहेर आले ते खंगून. दोनेक वर्षांत संपले. बापाने बोलण्यापायी जीव घालवला आणि आपण गप्प बसायचं, हे तिला पटणारच नव्हतं.

आणि ह्या मुलाखतीवर तिच्या आईचं सगळं अवलंबून होतं. सुमित्राबाई नागपूरला एकट्या. सुलभा एकुलती एक. जुलैत त्या न्हाणीघरात पडल्या त्या सकाळपर्यंत तिथेच होत्या, दूधवाल्याने हाका मारल्या तेव्हा कळलं. हृदय दुबळं झालंय, एकटं ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण ग्रीन कार्डवालीला आई आणता येत नाही. मुलगी नागरिक झाली तरच आणता येते. जावई नागरिक झाला तर त्याचा काडीचा उपयोग नाही.

बातम्या संपतायत न संपतायत तोच फोन सुरू झाले. ओळखीतल्या पद्मिनीकाकू हरखून गेल्या होत्या, "अगं, किती छान बोललीस, आणि ती शाल कुठली गं?" पण मागून त्यांच्या यजमानांनी, प्रतापकाकांनी, फोन घेतला आणि दिगंबरला बोलावलं. आवाज खाली आणून म्हणाले, "यार दिगंबर, घाबरवत नाही तुला, पण डेट्रॉईटच्या एका गुजराती माणसाची फाइल अशीच अडकली म्हणतात. कुठेतरी मोर्चात दिसला होता. हे लोक सगळं वॉच करतात." कोण माणूस, कुठला मोर्चा, काही ठाऊक नाही. पण दिगंबरला तेवढं पुरलं.

शनिवारी सकाळी घरासमोर एक निळी गाडी थांबली. गाडीतला माणूस हातातला कागद बघत घरांचे नंबर न्याहाळत होता. दिगंबरने पडद्याआडून ते पाहिलं. "शैलाला घेऊन वर जा," तो सुलभाला म्हणाला. बेल वाजली. पुन्हा वाजली. शेवटी त्याने दार बोटभर उघडलं.

बाहेर छातीवर बिल्ला लावलेला एक हसरा म्हातारा. एका उमेदवाराचा स्वयंसेवक होता तो. मिसेस घारपुरेंना टीव्हीवर पाहिलं, फोनबुकात ह्या नावाचं घर एकच सापडलं, म्हणून भेटायला आलो, म्हणाला. "तुमच्या बायकोसारखे मतदार आम्हाला हवेत."

"आम्ही मतदार नाही," दिगंबर म्हणाला.

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. "म्हणजे त्या दुसऱ्या उमेदवाराची माणसं आधी येऊन गेली का?"

संध्याकाळी त्या दुसऱ्याचीही आली. सुलभा हसून हसून बेजार झाली, त्यांना चहा देते म्हणाली. दिगंबरला मात्र हसू येईना. टीव्ही बघून कोणालाही आपलं दार सापडतं, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं. सकाळी बिल्लावाला आला, उद्या बिनबिल्ल्याचा येईल.

रात्री जेवणानंतर शैला रोजच्यासारखी आईची उजळणी घ्यायला नागरिकत्वाच्या परीक्षेच्या प्रश्नांचं पुस्तक घेऊन बसली. आई पोळ्यांचा डबा आवरत होती.

"मॉम, हू कॅन इम्पीच द प्रेसिडेंट?"

"हाउस ऑफ रिप्रेझेन्टेटिव्हज," सुलभा मान वर न करता म्हणाली.

"अँड हू ट्राइज हिम?"

"सेनेट."

दिगंबरने लेकीच्या हातातून पुस्तक काढून घेतलं. तिला झोपायला पाठवलं, आणि बायकोसमोर खुर्ची ओढून बसला. "सुलभा, माझं एवढं एक ऐक. मुलाखतीत त्यांनी अध्यक्षांचा विषय काढला, उमेदवारांचा काढला, पक्षांचा काढला, तर फक्त 'नो ओपिनियन' म्हणायचं. बाकी अवाक्षर नाही."

"अहो, पण पुस्तकातलाच प्रश्न असला तर?"

"पुस्तकातलाच वाटेल तो. असेच विचारतात हे लोक, गोड बोलून. तू एकदा 'हो, अध्यक्षांना काढता येतं' म्हणालीस, की झालं. टीव्हीवर काय बोललीस ते त्यांच्याकडे असणार."

"मला नाही पटत."

"मला भीती वाटते गं," तो म्हणाला. लग्नाला तेरा वर्षं झाली होती, हे वाक्य तिने त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "माझ्यासाठी नको, तुझ्या आईसाठी. तिला आणेपर्यंत गप्प बस. मग हवं ते बोल."

आईचं नाव निघाल्यावर ती थांबली. बराच वेळ फडक्याने तेच ताट पुसत राहिली. मग म्हणाली, "बरं."

मुलाखतीच्या दिवशी डेट्रॉईटच्या ऑफिसात आधी दिगंबरला बोलावलं. अधिकारी पिकल्या केसांची बाई होती, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. झेंड्याचे रंग विचारले, पहिला अध्यक्ष विचारला, इंग्रजीत एक वाक्य लिहून घेतलं. पाच मिनिटांत अभिनंदन. तो बाहेर आला आणि सुलभा आत गेली.

तो बाकावर बसून राहिला. दाराच्या काचेतून तिची पाठ दिसत होती. अधिकारी काही तरी बोलली, हसली. सुलभाची मान हलली नाही. पुन्हा काही बोलली, ह्या वेळी हसली नाही. दिगंबरने मनातल्या मनात रामरक्षा सुरू केली आणि मध्येच पुढची ओळ विसरला.

दार उघडलं तेव्हा सुलभा खाली बघत होती. अधिकारी तिच्या मागोमाग बाहेर आली. दिगंबरकडे बघून म्हणाली, "तुमच्या पत्नीला पुन्हा यावं लागेल. मला खरंच वाईट वाटतं. मी त्यांना टीव्हीवर पाहिलं होतं, म्हणून म्हटलं, ह्यांना सहज येईल असंच विचारू. अध्यक्षावर महाभियोग कोण चालवू शकतं? तर म्हणाल्या, नो ओपिनियन. मला वाटलं, टेन्शन आलं असेल. मग मुख्य पक्ष दोन कोणते ते विचारलं. नो ओपिनियन. उपाध्यक्ष कोण, तरी तेच." तिने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि उतरवला. "सर, ही मतं नाहीत. ही साधी उत्तरं आहेत. पुढची तारीख एप्रिलमध्ये मिळेल. अभ्यास करून या म्हणावं."

दोघं गाडीत बसली. सुलभा एकदाही त्याच्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. हायवे सुटल्यावर ती एवढंच म्हणाली, "उत्तर जिभेवर होतं माझ्या."

नागपूरला सकाळ झाली असेल अशा बेताने रात्री तिने फोन लावला. पलीकडे घंटा वाजायला लागली तसा तिने रिसीव्हर त्याच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा."

"हॅलो, सुलू? झाली का गं परीक्षा?"

"मी दिगंबर बोलतोय, आई."

"बोला, दिगंबरराव. पास झालात ना दोघं?"

"मी झालो. ती नाही झाली."

मग सुमित्राबाई म्हणाल्या, "असं काय अवघड विचारलं तिला?"

"अध्यक्षाला पायउतार कोण करू शकतं, असं विचारलं."

त्या हसल्या. हसता हसता खोकला आला, तो थांबायला वेळ लागला. "अहो, हे मला विचारायचं. आम्ही केलं होतं की. सत्त्याहत्तर साली मतदानाला गेलो, तेव्हा मास्तर अजून आतच होते. त्यांचा डबा तुरुंगाच्या दारात दिला आणि तशाच केंद्रावर गेलो, भर उन्हात. सुलू होती माझ्याबरोबर. दुसऱ्या दिवशी शाईचं बोट तिने साऱ्या गल्लीला दाखवलं. तिला येत नाही हे उत्तर? मग बोलली का नाही ती?"

दिगंबरने सुलभाकडे पाहिलं. ती ओट्याला टेकून उभी होती, हाताची घडी घालून, त्याच्याकडेच बघत. काही तरी सारवासारव करावी असं त्याच्या मनात आलं. त्या अधिकारी बाईवर ढकलावं, प्रतापकाकांवर ढकलावं.

"मी तिला गप्प बसायला सांगितलं होतं," तो म्हणाला.

पलीकडून श्वास ऐकू येत होता, जिना चढून आल्यासारखा, तुटक.

"पुन्हा कधी बोलावलंय?" त्यांनी विचारलं.

"एप्रिलमध्ये."

"एप्रिल," सुमित्राबाई म्हणाल्या, आणि मध्येच दम खायला थांबल्या. "बरं. बघते मी थांबता येतंय का."

त्यांनी फोन ठेवला तरी दिगंबरने रिसीव्हर कानाशी धरून ठेवला होता. इतके दिवस त्याला निळ्या गाडीची भीती वाटली होती, फायलीची वाटली होती, बिनबिल्ल्याच्या माणसाची वाटली होती. आता त्याला एप्रिलची भीती वाटत होती.

"काय म्हणाली आई?" सुलभाने विचारलं.