हिरव्या वाळ्याचा कुरव

“आज एका पायावर उभा आहे, काकू. दुसरा पोटात घेतलाय,” तिकीटवाल्याने खिडकीतूनच सांगितले. “वाळा कुठल्या पायात असतो म्हणालात?”

वाळा डाव्या पायात होता, आणि कुरवाने नेमका डावाच पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतला होता. वहिनींनी कपाळाला आठ्या घातल्या. लाँचचा धक्का दवाने ओलाचिंब झाला होता, उतारू खांदे आवळून रांगेत उभे होते आणि पाण्यातल्या लाकडी खांबावर तो पांढरा पक्षी जावईबापूंच्या थाटात बसला होता. वहिनींनी पिशवीतून पाव काढला, कठड्यावर तुकडे मांडले आणि जरा बाजूला सरल्या. पक्ष्याने एकदा तुकड्यांकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिले. मग खांब सोडून तो कठड्यावर उतरला, तोही त्यांच्या अगदी हाताशी, आणि दोन्ही पाय दिसले. डाव्या पायातला हिरवा प्लास्टिकचा वाळा उन्हापाण्याने विटला होता, त्यावरची अक्षरे पुसट झाली होती, पण लागत होती. वहिनींच्या जिवात जीव आला. आता घरी जायला हरकत नव्हती.

त्यांना वहिनी म्हणत ते सरांच्या पक्षीवाल्या मित्रांमुळे. सर म्हणजे त्यांचे यजमान. शाळेत चित्रकला शिकवत, पण जीव सगळा तळ्यावर. उन्हाळ्यात होडी करून मधल्या बेटावर जायचे, कुरवांच्या पिल्लांच्या उजव्या पायात धातूचा बारीक वाळा आणि डाव्या पायात मोठ्या अक्षरांचा हिरवा वाळा घालायचे, आणि मग हिवाळाभर ह्याच धक्क्यावर दुर्बिणीला डोळा लावून कोण परत आले, कोण नाही ते टिपत उभे राहायचे. वहिनींची नोकरी इस्पितळाच्या धुलाईखान्यात. आठवडाभर चादरींचे डोंगर उपसून रविवारी नवरा घरी असावा असे त्यांना वाटे, आणि रविवारी नवरा तळ्यावर असे. पक्ष्यांच्या पायांची एवढी काळजी करता, घरातल्या माणसांच्या पायात चपला धड आहेत का तेही बघा कधी, असे त्या ऐकवायच्या. सर हसायचे आणि दुर्बीण खांद्याला मारून निघायचे. ह्या पक्ष्यांनी माझा संसार खाल्ला, असे वहिनी शेजारणींना सांगत, आणि ते अगदीच खोटे नव्हते.

मग सरांना झटका आला. उजवी बाजू गेली, आणि बोलणेही गेले. जे चार-दोन शब्द मागे राहिले, त्यांतला एक होता, “आला?”

पहिल्यांदा त्यांनी विचारले तेव्हा वहिनींना वाटले, डॉक्टरची वाट पाहताहेत. मग वाटले, दूधवाल्याची. एकेक करून त्यांनी ओळखीपाळखीच्या सगळ्यांची नावे घेतली, आणि सर प्रत्येक नावाला मान हलवून डोळे मिटत राहिले. शेवटी दाताच्या डॉक्टरांनी उलगडा केला. हे डॉक्टर सरांचे जुने जोडीदार, पक्षी धरून वाळे घालण्याचा परवाना असलेले. त्यांनी सांगितले की सरांनी वाळे घातलेल्या पक्ष्यांपैकी आता एकच दिसतो. तो ह्या धक्क्यावर येतो, दर हिवाळ्यात, एकाच खांबावर. सर त्याचीच चौकशी करताहेत.

तेव्हापासून वहिनी रोज सकाळी धक्क्यावर जाऊ लागल्या. डॉक्टरांनी दुर्बीण वापरायला शिकवायचा घाट घातला, पण वहिनींना तिच्यातून एक तर स्वतःच्या पापण्या दिसत, नाही तर नुसते आभाळ. त्यांनी आपला सोपा मार्ग काढला, पावाचा. पक्ष्याला काही खायला घालायचे नाही, त्याच्या रीतीत ढवळाढवळ करायची नाही, लांबून वाचायचे आणि निघायचे, हा सरांचा दंडक होता आणि वहिनींनी तो जन्मभर ऐकला होता. पण दंडक चांगल्या डोळ्यांच्या माणसांसाठी असतात, असे त्यांनी स्वतःला समजावले. पावाचे सरांना सांगायचे मात्र टाळले.

घरी परतल्यावर दार लोटण्याआधीच आतून प्रश्न यायचा. “आला?” “आला,” असे म्हटले की सरांच्या चेहऱ्याची चांगली बाजू वर उचलली जायची आणि ते तोंड उघडायचे. मग वाटीभर खाणे जायचे, कधी अर्धे फळही. ज्या दिवशी वारा असे आणि पक्षी येत नसे, त्या दिवशी चमचा ओठांशी नेऊन नेऊन वहिनींचा हात भरून यायचा. त्या एका शब्दावर सरांचा दिवस निघत होता, आणि खरे सांगायचे तर वहिनींचाही. इतक्या वर्षांत नवऱ्याने त्यांची एवढी वाट कधी पाहिली नव्हती.

आणि त्याच वाळ्याला आता चीर गेली होती. आधी वहिनींना वाटले, अक्षराचीच रेघ आहे. मग ती रेघ वाढत वाढत कडेपर्यंत गेली. डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितले की प्लास्टिक म्हातारे झाले, ह्या नाही तर पुढच्या हिवाळ्यात गळून पडेल. हे ऐकल्यापासून वहिनींचे कशात लक्ष लागेना. शेवटी त्या दवाखान्यात जाऊन, गाल धरून बसलेल्या पेशंटांच्या रांगेत बसल्या, आणि नंबर आल्यावर डॉक्टरांना म्हणाल्या की नवा वाळा घाला.

डॉक्टरांनी हातमोजे काढले. हिरवे वाळे आता मिळत नाहीत, पिवळा घालावा लागेल, असे ते म्हणाले. मग म्हणाले, “पण कशाला वहिनी? गळला तर गळू दे. पक्षी तोच राहतो ना. त्याच खांबावर येऊन बसेल.”

“बसेल. पण तो तोच आहे, हे मला कसं कळणार? मला सगळे सारखेच दिसतात, डॉक्टर.”

 रोजच्या खाण्याच्या जागी धरलेला पक्षी कधी कधी त्या जागेला बिचकतो, हे डॉक्टरांनी सांगून पाहिले. त्यातले ‘कधी कधी’ तेवढे वहिनींनी घट्ट धरून ठेवले. सरांना एकदा विचारू या, असेही डॉक्टर म्हणाले. त्यांना कशाला त्रास, बोलता कुठे येते त्यांना, असे वहिनी म्हणाल्या. खरी गोष्ट अशी की सर काय म्हणतील हे दोघांनाही पक्के ठाऊक होते, आणि म्हणूनच दोघांनी विचारले नाही.

वारा पडलेली सकाळ पाहून डॉक्टर धक्क्यावर आले. त्यांनी कठड्यापाशी छोटे जाळे मांडले आणि दोरी घेऊन ते तिकिटाच्या खोलीआड दडले. कुरव खांबावर बसून सगळे पाहत होता. जाळ्याजवळ टाकलेल्या पावाकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही. असा बराच वेळ गेला. डॉक्टर आडूनच राहू दे म्हणून खुणावू लागले. तेव्हा वहिनींनी एक तुकडा घेतला, जाळ्याच्या कडेला बसल्या आणि तळहात पुढे केला. गेले काही दिवस तो त्यांच्या हातावरून खाऊ लागला होता. आताही तो आला. त्याने तुकडा चोचीत धरला, आणि डॉक्टरांनी दोरी ओढली.

पक्ष्याने जो आकांत मांडला, त्याने रांगेतली माणसे गप्प झाली. त्याने वहिनींच्या मनगटाचा चावा घेतला. डॉक्टरांनी त्याच्या डोक्यावर फडके टाकले, त्याला वहिनींच्या हातात दिले आणि कात्रीने हिरवा वाळा कापला. ओल्या चादरींचे गठ्ठे जन्मभर उचललेल्या वहिनींना त्या पक्ष्याच्या हलकेपणाची भीतीच वाटली. बोटांखाली त्याचे काळीज धडधडत होते. “झालं हं, झालं,” असे त्या त्याला म्हणत राहिल्या. पिवळा वाळा बसला, फडके निघाले, हात सुटले. पक्षी आपल्या खांबावरून पुढे, पार तळ्याच्या पलीकडे निघून गेला. दोन-चार दिवसांत येईल, असे डॉक्टर म्हणाले, पण बोलताना ते जाळे गुंडाळत होते.

त्या दिवशी वहिनी जवळजवळ धावतच घरी गेल्या. आला, आणि नवा वाळा घालून गेला, आता पुढची कितीतरी वर्षे काळजी नाही, असे सगळे एका दमात सांगून त्यांनी तो कापलेला हिरवा वाळा सरांच्या डाव्या हातात ठेवला. सर बराच वेळ अंगठ्याने त्याची कड चाचपत राहिले.

“कसा?” त्यांनी विचारले.

वहिनींनी पावाचे सांगितले. हातावरून खायचा हेही सांगितले, जराशा अभिमानानेच. सरांनी डोळे मिटले. दमले असतील असे समजून वहिनी उठणार, तोच झटक्यानंतर एका वेळी कधी बोलले नव्हते इतके शब्द त्यांनी एकेक करून काढले. “आता... नाही... येणार.”

त्यात राग नव्हता. रागाशी वहिनींनी दोन हात केले असते, तेवढा सराव त्यांना होता.

पक्षी आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. वहिनी पाव घेऊन उभ्या राहायच्या, बाकीचे कुरव झुंबड करून तुकडे पळवायचे, आणि खांब रिकामा. घरी येऊन त्या खरे ते सांगत. मग एके दिवशी त्यांना धीर धरवला नाही आणि “आला?” विचारल्यावर त्या “आला” म्हणाल्या. सरांनी त्यांच्याकडे पाहिले. शाळेत पोरांच्या थापा पकडण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांच्यापुढे हे किती टिकणार? तरी त्यांनी तोंड उघडले आणि बायकोच्या समाधानासाठी दोन घास घेतले. त्यानंतर मात्र त्यांनी विचारणे सोडून दिले.

वहिनी दार लोटायच्या, क्षणभर उंबऱ्यात थांबायच्या, आतून काही आवाज नाही. सरांचे अंग उतरत चालले. मनगटाची हाडे दिसू लागली. फॅमिली डॉक्टर तपासून म्हणाले की तसे नवीन काही नाही, इच्छाच कमी झालेली दिसते. दाताचे डॉक्टर एकदा येऊन पलंगाशी नुसते बसून राहिले आणि चहा न घेता गेले. माझ्याच हाताने मी माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला, असे वहिनींनी लेकीला फोनवर सांगितले. लेक म्हणाली, आई, एका पक्ष्यामुळे असं काही होत नसतं. वहिनींनी वाद घातला नाही.

मग एका सकाळी तिकीटवाल्याने त्यांना खोलीजवळ बोलावले. बराच वेळ सुट्टी नाणी सारखी करत तो घुटमळला.

“काकू, सांगू का नको, असं झालंय मला. तो येतो.”

“कोण?”

“पिवळ्या वाळ्याचा. रोज येतो. तुम्ही गेलात की येऊन बसतो खांबावर. तुम्ही गल्लीच्या तोंडाशी दिसलात की उठतो. मला आधी वाटलं, योगायोग असेल.”

वहिनींना ते पटेना. तेव्हा त्याने त्यांना आपल्या खोलीत घेतले, स्टूल दिले आणि खिडकीची फळी बोटभर उघडी ठेवली. लाँच सुटली, धक्का ओस पडला. कुरव एकेक करून कठड्यावर उतरले. शेवटी पाण्यावरून एक आला आणि खांबावर बसला. त्याने पंख आवरले, एक पाय पोटात घेतला, आणि दुसऱ्या पायात पिवळे काही दिसले.  वहिनींनी दार कधी ढकलले ते त्यांचे त्यांनाच कळले नाही. त्यांनी बाहेर पाऊल टाकले मात्र, खांबावरचा पक्षी ओरडत उठला. कठड्यावरचे बाकी सगळे होते तिथेच, उलट पावाच्या आशेने जवळ सरकले.

आता त्यांना तो वाळ्याशिवायही ओळखता आला असता, हजारांत. त्यांना पाहून जो एकटाच उडतो, तो.

घरी जाऊन त्यांनी सगळे सांगितले. येतो, रोज येतो, मी नसले की येतो. तिकीटवाला रोज फोन करून कळवीन म्हणालाय, असेही त्या म्हणाल्या. एरवी नुसत्या ‘आला’वर उचलला जाणारा तो चेहरा त्या निरखत राहिल्या. सर छताकडे पाहत होते. ऐकले की नाही, तेही कळले नाही. वहिनींनी पुन्हा पहिल्यापासून सांगितले, सावकाश, कानाशी वाकून. मग त्यांना रडू आले आणि पलंगाच्या कडेला डोके टेकून त्या मनसोक्त रडल्या. सरांचा चांगला हात चादरीवर होता तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी त्यांनी स्वेटर घातला, बूट चढवले, नाड्या बांधल्या, आणि दाराशी जाऊन त्या परत फिरल्या. दूध कोमट करून त्यांनी वाटीत ओतले आणि खुर्ची पलंगाशी ओढली. बाहेर लाँचचा भोंगा झाला.

“आता येऊन बसला असेल,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी चमचा सरांच्या ओठांशी नेला.

ओठ मिटलेलेच राहिले. वहिनींनी चमचा वाटीत ठेवला. जाण्यासारखे कुठे काही नव्हते, तरी बूट न काढता त्या तशाच बसून राहिल्या.