डावा कोपरा

उल्काचे अप्पा जाऊन बारा दिवस झाले होते. माणसांची ये-जा ओसरली, तेव्हा एका दुपारी खडकीहून शमशुद्दीनचाचा आले. दारूगोळा कारखान्याच्या कबड्डी संघात दोघे कितीतरी वर्षं एकत्र खेळले होते. डाव्या कोपऱ्यात अप्पा, त्यांच्या लगत चाचा.

उल्काने कात्रणांची वही त्यांच्यापुढे ठेवली. प्रत्येक फोटोत चढाईवाला ऐटीत. अप्पांचा कुठे नुसता पंजा, कुणाच्या तरी घोट्यावर.

"पकड करणाऱ्याचं तोंड मातीत असतं, पोरी. फोटो कुठून येणार?" चाचा म्हणाले. "एकदा संघाच्या मास्तरांनी त्याला चढाईला धाडला. गेला तो परत आलाच नाही. तिकडच्या सातांनी चांगला पाहुणचार केला."

उल्का हसली, आणि हसल्याचं तिचं तिलाच नवल वाटलं. बारा दिवस ती एकच गोष्ट उगाळत होती. दवाखान्यात नळीमुळे अप्पांना बोलता येत नव्हतं. ती त्यांचा हात धरून बसायची. शेवटच्या सकाळी त्यांनी तिचा हात दोनदा दाबला, जोरात. काही दुखत असेल असं समजून ती हात सोडवून सिस्टरला बोलवायला धावली. परत आली तोवर संपलं होतं. सोडू नकोस म्हणत असतील, आणि आपण सोडला. हे तिने आईलाही सांगितलं नव्हतं.

वही मिटत तिने विचारलं, "चाचा, तुम्ही हात धरून खेळायचात ना? मग कोण कधी झेपावणार, ते कसं कळायचं?"

"बोललो तर समोरचा ऐकेल की! हातानेच सांगायचं." त्यांनी तिचा हात घेतला. तळहात अप्पांसारखाच खरखरीत. एकदा दाबला. "हे म्हणजे, थांब. गडी अजून लांब आहे." मग दोनदा दाबला. "आणि हे म्हणजे, सोड, मी निघालो. तेव्हा सोडायचाच. पहिल्या वर्षी मी येड्यासारखा धरून ठेवला, तर खांदा निखळला तुझ्या अप्पाचा. आठ दिवस बोलला नाही माझ्याशी."

उल्काने हात हळूच काढून घेतला.

"काय झालं गं?"

"काही नाही. चहा ठेवते."

ओट्याशी तिला अप्पा गेले त्याच्या आदल्या दिवसाची दुपार आठवली. ती घरी निघाली होती. पर्स खांद्याला होती. अप्पांनी हात दाबला होता, एकदाच. का ते न कळताच ती पुन्हा स्टुलावर बसली होती, संध्याकाळपर्यंत.

"चहा टाकलास की चहाचा मळा लावलास?" बाहेरून चाचांनी विचारलं.

तिने नळ मोठा सोडला आणि त्याखाली दोन्ही हात धरून उभी राहिली.