डुलक्याच्या पोटाखालचे सिमेंट

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. किती जुना ते विचारू नका. माझा वाढदिवस लक्षात ठेवायला तेव्हा कोणी जन्मालाच आले नव्हते. मी आणि माझा धाकटा भाऊ मातीत गाडलेले होतो. वाऱ्यापावसाने हजारो वर्षे खपून माती धुऊन नेली आणि मी भावाच्या डोक्यावर बसलेला उघडा पडलो. माझे वजन पाच हत्तींएवढे आणि टेकायला जागा जेमतेम ताटाएवढी! जोर लावून ढकलले की मी बोटभर डुलतो, पडत मात्र नाही. म्हणून माझे नाव डुलक्या.

गावाने माझे फार लाड केले. कित्येक जोडप्यांनी लग्नाआधी माझ्या अंगावर खिळ्याने नावे कोरली. त्यातल्या काहींची भांडणे पुढे माझ्याच सावलीत झाली. नावे कोरताना दुखले, पण भांडणांनी करमणूकही झाली.

मग आमच्या टेकडीखाली शाळा झाली आणि नगरपालिकेच्या इंजिनिअरसाहेबांना काळजी लागली. हा घरंगळला तर? माणूस वाईट नव्हता. त्यांनी आम्हा भावांमधली फट सिमेंटने गच्च भरली. माझे डुलणे बंद झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र दातात काहीतरी अडकल्यासारखे वाटत राहिले.

पूर्वी पावसाचे पाणी त्या फटीतून निघून जायचे. आता ते आत साचू लागले आणि आमच्याकडच्या बर्फाळ हिवाळ्यात गोठून फुगू लागले. तिसऱ्या वर्षी भावाच्या अंगाला तडा गेला. साहेबांनी तड्यावर काचेची पट्टी चिकटवली. तडा वाढला की काच फुटते. महिन्याभरात ती फुटली आणि मला सुरुंग लावायचा हुकूम निघाला. मित्रांनो, इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच भीती वाटली.

सुरुंगाची भोके पाडायला एक पाथरवटकाकू आल्या. हातोडा उचलण्याआधी त्या जमिनीवर चक्क पालथ्या पडल्या आणि माझ्या खाली डोकावल्या.

"साहेब, हे सिमेंट कुणी भरलं?"

"मीच. आधार म्हणून."

"आधार कसला, बूच मारलंत तुम्ही! पाणी तुंबतंय सगळं. आधी हे काढू द्या मला."

"आणि पडला तर? खाली पोरं आहेत."

"इतकी वर्षं सिमेंटवाचून उभा होताच की! थंडी सरेपर्यंत शाळेची ही बाजू बंद ठेवा, पोरांना मागच्या दारानं न्या. नवी काच लावा. फुटली, तर मी स्वतः भोकं पाडून देते."

साहेबांनी खाली शाळेकडे पाहिले. "ठीक आहे. पण काच रोज मी बघणार."

काकूंनी अकरा दिवस छिन्नीने सिमेंट खरवडले. शेवटचा तुकडा निघाला आणि मी बोटभर डुललो. साहेब टुणकन मागे उडाले. काकू पोट धरून हसल्या.

थंडीभर साहेब रोज सकाळी धापा टाकत वर यायचे. शेवटचा बर्फ वितळला तरी काच शाबूत होती. साहेबांनी तिच्यावरून बोट फिरवले, मग मला हळूच ढकलले. मी डुललो. "चुकलंच माझं," ते मला म्हणाले. दगडाची माफी मागणारा माणूस मी प्रथमच पाहिला, आणि मला तो फार आवडला.

मित्रांनो, माझ्यावर नावे कोरू नका, हे तर सांगतोच. पण खरी विनवणी तुमच्यातल्या प्रेमळ माणसांना आहे. वाईट करणाऱ्याला सगळेच अडवतात. भले करायला निघालेल्याला कोण अडवणार? म्हणून मला मदत करण्याआधी, कपडे मळले तरी चालतील, पालथे पडा आणि माझ्या पोटाखाली एकदा नीट बघा.